खुंटीवरचा भोपळा

चैत्र वद्य पंचमी, मंगळवार, दिवेलागण

पाणी भरायचं पोरींनी आणि पोहायला शिकायचं पोरांनी! हा हुकूम काय निजाम सरकारनं काढलाय? माझी पुतणी गया रोज विहिरीच्या निसरड्या पायऱ्या उतरते. पोहायला मात्र तिचा भाऊ शिकला, ज्यानं जन्मात घागर उचलली न्हाई. मागल्या उन्हाळ्यात शेजारची सकू याच विहिरीत घागर भरताना बुडाली. पोहणारे गडी सगळे कडा गावच्या बाजाराला गेलते, आणि मी माहेरी होते.

म्हणून आज मीच गयाच्या कमरेला तरंगायला वाळका भोपळा बांधला आणि तिला पाण्यात सोडलं. आधी किंचाळली. मग हात मारत पार समोरच्या कडेला टेकली आणि ओरडली, "काकू, बघा, आले की मी हितवर!" एवढा मोठा आवाज या पोरीला हाय, हे मला आजच कळलं.

तेवढ्यात गयाचे वडील, माझे दीर आले. तिला वर काढून भोपळा सोडून घेतला.

"वहिनी, पोरीची जात. विहिरीत पोहती म्हणल्यावर कोन करून नेईल हिला?"

"आन् बुडाल्यावर कोन नेतंय, भावजी?"

 दिरांनी भोपळा नेऊन घरात खुंटीला टांगला. भाकरी खाताना गया सारखी त्या खुंटीकडं बघत होती, तोंडातून शब्द न्हाई. मला एवढा राग कशाचा आला? तिच्या त्या गप्प बसण्याचाच.

आत्ताच दिरांना सांगून आले, "भोपळा न्हाई दिला तर तिला पाठीवर घेऊन शिकवीन, माझ्या बापानं मला तसंच शिकवलं. देणार का न्हाई, ते शनिवारी दिवस मावळायच्या आत सांगा. मला न्हाई, गयाला सांगा, तिच्या तोंडाकडं बघून."