सृष्टीच्या कानातली वायर

सदाशिव पेठ, पुणे
८ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शालनचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी खिडक्या उघडतात, तेव्हा पत्रच बरं. गुडघ्याला तेल लावता ना? खोटं लिहू नका.

इकडे शाळेत नवंच प्रकरण. नववीत यंदा सृष्टी नावाची मुलगी आली आहे. जन्मापासून दिसत नाही. तिच्यासाठी आम्हा सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायला लावलं. अंध मुलांचा लॅपटॉप कसा बोलतो, प्रश्नपत्रिका कशी वाचून दाखवतो, वगैरे. घ्या! दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि संध्याकाळी व्हिडिओ बघायचे. मी आवाज बंद करून ते चालू ठेवायचे आणि पोळ्या लाटायचे. प्रशिक्षणानंतरच्या चाचणीची उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर आलीच होती. सगळ्यांनी हेच केलं. प्रमाणपत्र छान रंगीत आलं.

आता ऐका. सहामाहीत माझ्या इतिहासात ही पोरगी वर्गात पहिली! माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. परीक्षेत तिच्या कानात लॅपटॉपची वायर असते, वडिलांनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेली. त्यानंतरच्या एका पेपरला मी ती काढून माझ्या कानाला लावली, तर नुसतं चर्रर्र. एक अक्षर कळेल तर शपथ. पलीकडून कुणीतरी उत्तरं सांगत असणार आणि माझी चाहूल लागताच त्याने खरखर सुरू केली असणार. मोठ्या बाईंकडे लेखी तक्रार दिली. तिचा निकाल रोखलाय. सिद्ध झालं तर तिला शाळेतून काढतील, आणि वडील तिला कुठल्या तरी लांबच्या वसतिगृहात टाकतील. वाईट वाटतं हो, पण कॉपी ती कॉपी.

माया पातळ करू नका.
तुमची शालन

वाशीम
१३ ऑक्टोबर २०२४

चि. शालन हिस,
बाबाचे आशीर्वाद व जयभीम.

तेल लावतो. विश्वास ठेव, नाही तर नको ठेवू. काल विहारात कार्यक्रम झाला, गर्दी खूप होती.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अरे बाप्पा, तू तर पोलीसच झालीस! मला मात्र तुझाच संशय येतो. ते यंत्र कसं बोलतं हे शिकवत होते तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. मग कानात आली ती खरखर होती की वाचन, हे तू कसं ठरवलंस? तिला विचारलंस का? अख्ख्या पत्रात ती पोरगी काय म्हणाली ते कुठेच नाही.

तुम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही, आज सांगतो. आठवीत मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. गुरुजींना पटेना. आमच्या वस्तीतल्या पोराला एवढे मार्क कसे? त्यांनी सगळ्या शाळेसमोर तीच गणितं फळ्यावर पुन्हा करायला लावली. केली मी. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही अंगाचा तिळपापड होतो.

काय ते कळव. लोभ आहेच, पण या पत्रापुरता जरा कमी समज.
तुझा बाबा

पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शालनचा जयभीम. वि. वि.

दोन दिवस तुमच्यावर फुगून बसले. मग प्रशिक्षण पुन्हा उघडलं, या वेळी आवाज चालू ठेवून. आणि तिथेच ते चर्रर्र! सरावलेली मुलं यंत्राच्या बोलण्याचा वेग तेवढा वाढवतात, आपण ओळींवरून भरभर डोळे फिरवतो तसंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सृष्टीला बोलावलं. तिने वेग कमी केला आणि लॅपटॉप माझीच प्रश्नपत्रिका वाचायला लागला. तरी मला धड समजेना. तेव्हा तिने विचारलं, की बाई, तुमच्यासाठी अजून हळू करू का. टोमणा नव्हता हो. बिचारी मदत करत होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, खात्रीसाठी तिचा पुन्हा पेपर घेऊ. मी साफ नाही म्हटलं. तक्रार मागे घेतली आणि प्रमाणपत्र कसं मिळवलं तेही सांगून टाकलं. आता स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी बोलत नाही, कारण त्यांचीही प्रमाणपत्रं तशीच आहेत. सृष्टीचा निकाल लागला, ती इथेच राहणार. आता तरी खूश ना?

कमी केलेला लोभ परत करा.
तुमची शालन

वाशीम
२५ ऑक्टोबर २०२४

चि. शालन,
आशीर्वाद.

अजून खूश नाही. मोठ्या बाईंना सांगितलंस, मला सांगितलंस. पोरीची माफी मागितलीस का, ते शिताफीने गाळलंस. मी पण मास्तर होतो.

थोडा लोभ परत करतो, बाकीचा उत्तर आल्यावर.
बाबा

पुणे
११ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
जयभीम.

मागितली, बाबा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी, सगळ्या वर्गासमोर. ती ठीक आहे म्हणाली. मला वाटलं, मिटलं, म्हणून तुम्हाला कळवायचं राहिलं.

काल इतिहासाची घटक चाचणी होती. सृष्टीने लॅपटॉप उघडला आणि वायर लावलीच नाही. यंत्राचा आवाज वर्गभर. मुलं कुरकुरायला लागली. मी जवळ जाऊन म्हटलं, अगं वायर लाव, कुणी काही म्हणणार नाही. तर ती म्हणाली, नको बाई, सगळ्यांना ऐकू येऊ दे.

आणि वेग तिने इतका कमी ठेवला होता, की शेवटच्या बाकावरही शब्दन् शब्द कळावा. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. तिने वेग वाढवला नाही. वेळ संपली तेव्हा तिचा पेपर अर्धाच झाला होता.

मी काय करू, ते लिहा.
तुमची शालन