वेढ्यातलं जेवण

३ मार्च
संपादकबाईंनी कादंबरी परत दिली. किल्ल्याला वेढा पडलाय, सैनिक उपाशी आहेत, हे कळतं पण पटत नाही म्हणे. उपासमारीचं प्रकरण नव्याने लिहून वीस तारखेला आणायचं. जमलं तर छापतील, नाहीतर विषय संपला. पट्ट्यांच्या बकलांवर मी अख्खं प्रकरण लिहिलंय, त्याबद्दल चकार शब्द नाही.
वाचकांची किळस येते. यांना अभ्यास नको, वास हवा. ठीक. वास देतो.

४ मार्च, सकाळी
निश्चय: प्रकरण पुरं होईपर्यंत अंघोळ बंद. एकच शर्ट. जेवण बंद.
दुपारी: बिस्किटं खाल्ली. वेढ्याच्या सुरुवातीला कोठारात काहीतरी असणारच.

८ मार्च
दुकानात गिऱ्हाईक माझ्या काउंटरला टाळतं. मालकांनी मला मागे गोदामात बसवलं. बढतीच म्हणायची. स्वतःच्या वासाने मळमळतं. उत्तम.

११ मार्च
वेढ्यात माणसं चामडं उकळून खायची. दादाच्या कपाटातून जुना पट्टा घेतला, तुकडे करून कुकरला लावला. घरभर काळा, उग्र वास. वर तवंग. शी. तरी एक तुकडा चावला, थोडा गिळलासुद्धा. ओकारी आली, ती बेसिनपर्यंत थांबली नाही. कुठल्या लेखकाने इतका अस्सल अनुभव घेतला असेल?
वहिनींनी कुकर दाराबाहेर ठेवला. म्हणाल्या, "भावोजी, उद्या माझी पर्स लावा. नवीच आहे, लवकर शिजेल."
अशा माणसांसाठी इतिहास लिहायचा.

१२ मार्च
पोटात भयंकर कळा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो. आईला हाका मारल्या, ती गावाला गेली आहे हे ठाऊक असून. रडलो. लिखाण शून्य. दिवस फुकट.

१७ मार्च
प्रकरण तयार. वास जसाच्या तसा उतरवलाय. ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासले. आता नाही म्हणायची बाईंची बिशाद नाही.

२० मार्च
बाईंनी आधी खिडकी उघडली, मग वाचायला घेतलं. मध्येच चष्मा काढून विचारलं, त्या काळी प्लास्टिक होतं का? मी चिडून सांगितलं की हे चामडं मी स्वतः शिजवून खाल्लंय. त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. विचार काय करायचाय?
रात्री दादा पट्टा शोधत होता. रेक्झिनचा होता म्हणे, फुटपाथवर घेतलेला. घरात कोणी सांगेल तर शपथ.

२१ मार्च
बाईंचा फोन. छापणार नाहीत. बकलांचं प्रकरण तरी वाचलंत का, असं विचारलं. नाही वाचलं.
फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, ते खाऊन मला पुढे काय झालं. सांगितलं. कळा, भिंत, आईला हाका, सगळं.
त्या म्हणाल्या, "अहो, मग हे का नाही लिहिलंत?"
मी म्हटलं, त्या दिवशी बरं नव्हतं.