मापल्यानंतरची मूठ

माय,

तुला लिहायचं म्हणून किती दिवस टाळलं. महागावला सरकी भरायच्या कामावर होतो तेव्हा कागद आणला होता, पण त्यात मीठ बांधलं. पुढे एका गावी पेन्सिल होती तर बसायला जागा नव्हती. खरं तर तू गेलीस तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, शाळाही तिथंच सुटली. आता एवढ्या वर्षांनी तुला काय सांगायचं, असं वाटायचं. आज बसलोय. राजूरला आहे, खाणीचा कोळसा ट्रकमध्ये भरतो. इथं धोतर वाळत घातलं की एका बाजूनं चुनाभट्टीची पांढरी भुकटी बसते, दुसऱ्या बाजूनं काळी. असो, ते सांगायचं नव्हतं.

सांगायचं हे की माझं लग्न झालं आणि बायको आजारी आहे. मुदतीचा ताप. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण वेळ लागेल. पेजेशिवाय काही देऊ नका आणि तिला एकटं सोडू नका. शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं असं मला वाटलं. तुला माहीत आहे मी कसा. काही बिघडलं की आधी माझे पाय उठतात, मागून मी. तुला माती दिली त्या संध्याकाळीही मी कुणाच्या तरी बैलगाडीत चढून बसलो होतो, दुसऱ्या गावात सापडलो.

या तापाच्या दिवसांत मला सारखं आपलं स्वयंपाकघर दिसतं. बाबा गाडीवरून पडून खाटेला लागले होते, ते वर्ष. तू जात्याजवळ बसली आहेस. कापूस वेचून बोटं चिरलेली. तिघांपुरती जवारी मापट्यानं मापून सुपात घेतेस, आणि त्याच सुपातून एक मूठ उचलून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकतेस. देवाची मूठ. आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्याच बाया काढायच्या. रविवारी गाडगी देवळात रिकामी व्हायची आणि ते धान्य दवाखान्यातल्या, ज्यांचं कोणी नाही अशा रोग्यांना जायचं.

"माय, आधीच कमी हाय, त्यातून काहून काढतं? पोत्यातून काढ ना."

"पोत्यातली काढली तर कोणाचं काय गेलं रे? मापलेल्यातून काढली का माही अर्धी भाकर कमी होते. मंग मले समजते का मी दिलं."

"त्यानं काय होते?"

"ज्याले देता येते तो अजून संपला नाही, बावा. प्रभू मले रोज पाहाटे एवढंच दाखवते. तेवढं पाह्यलं का दिवस निघून जाते."

मग सुपावर हात ठेवून तू डोळे मिटलेस. खाटेवरून बाबा ओरडले, "देवाचं झालं असंन तर माणसाले चहा दे!" तू डोळे न उघडताच म्हणालीस, "माणसानं थोडं थांबावं. देव जुनं गिऱ्हाईक हाय."

हिला ताप आला तेव्हा मी कुंभाराकडून गाडगं आणलं. पण माझ्या आठवणीत मूठ तेवढी राहिली होती, रीत नाही. पहिले काही दिवस पोत्यातूनच काढली, चांगली दांडगी मूठ, मोठ्या भक्तीनं. काही झालं नाही. भीती होती तिथंच बसलेली. मग तुझं ते पोत्याचं बोलणं आठवलं. तिच्या पेजेपुरत्या कण्या मापल्या, माझी जवारी मापली, आणि माझ्यातली मूठ काढली. त्या दिवशी पोटात थोडी जागा रिकामी राहिली आणि तिथं प्रार्थना बसली, असं काहीसं. तुझ्यासारखे शब्द मला येत नाहीत. प्रभू, ही आहे, मी आहे, मूठ टाकली, एवढंच म्हणतो. ताप उतरला नाही. पण सांज झाली की चुलीपाशी यावंच लागतं, आणि भीती मागं मागं येते ती चुलीपाशी आल्यावर जरा गप्प होते.

ही पडल्या पडल्या बघत असते. विचारलं, "कोणाले टाकता?"

"ज्याचं कोणी नाही त्याले."

"मंग घरातच राहू द्या. आपलंच कोण हाय?"

हसली, पण ते तिला लागलेलं आहे. तिची आई मुकुटबनला असते. दीक्षेच्या वर्षीच त्यांचं सगळं घर बौद्ध झालं. लग्नाच्या वेळी ती म्हणाली होती, "आमी सारे देव सोडून मोकळे झालो, अन् तू पुन्हा एका देवाच्या दारात चालली? देवाचं जाऊ दे. हा उंडगा आज हाय, उद्या नाही. तो पळाला तरी माह्या दारात येजो नको."

आता जे सांगायचं नव्हतं ते. आज सकाळी ट्रकवाला म्हणाला, "चाल बे, आदिलाबादले चाललो. बायको तं झोपूनच हाय, दोन दिवस हवा खाऊन येऊ." मी थैली वर फेकली आणि चढलो. होय माय, चढलो. ट्रक नाल्यापर्यंत गेला आणि माझ्या ध्यानात आलं, आज सांजेला कण्या मापायच्या आहेत.

"थांब, उतरू दे."

"काय विसरला?"

"मूठ काढाची हाय."

"कायची मूठ?"

तेव्हा त्याला सगळं सांगितलं, ताप, मुकुटबन, सगळं. तो म्हणाला, "भल्ला येडा हायेस," आणि गेला. मी चालत परत आलो. थैली त्याच्याच ट्रकमध्ये राहिली, चांगला सदरा होता तिच्यात. ही तोवर झोपलेलीच होती. तिला अजून सांगितलं नाही.

हे पत्र टाकणार कुठं, तुझ्या गावाला पोस्ट नाही. थांब, अंगणात कोणी आलं.

उभ्यानंच लिहितो. सासू आहे. धुळीनं भरलेली, आणि हातात माझी थैली. ट्रकवाल्यानं वाटेत मुकुटबनला तिच्या दारात थांबून काय काय सांगितलं कुणास ठाऊक. माझ्याकडे बघितलं, थैलीकडे बघितलं, म्हणाली, "जावई, ही तुमचीच ना?"

मी मान हलवली.

तिनं ती आत खुंटीला अडकवली, लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "चूल काहून पेटली नाही अजून?"

आज तिघांचं मापायचं आहे, माय. मग मूठ.