विमान मागे जात नाही

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकलंस की रागावणार नाहीस. म्हणजे रागावशील, पण कमी. आमच्या विमानप्रेमी मंडळाची पुस्तिका छापून झाली. नाव ‘अचाट उड्डाणे, विचित्र विमाने’, आणि लेखक तुझा धाकटा भाऊ. छापखान्यातून छापील तावांचे फर्मे थेट तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात येतील. दोनशे प्रती हव्यात. शिलाई पक्की घाल. आमचे सभासद पुस्तक वाचत नाहीत, ते उलटं धरून चित्रांतले पंख मोजतात.

वीस ऑगस्टला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये माझं भाषणही ठेवलंय. दुकान आता लेकीनेच हातात घेतलंय. मी सकाळी जाऊन दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो, चष्म्यांचे स्क्रू आवळतो, आणि उरलेला दिवस विमानांत असतो. ही म्हणते, पूर्वी निदान जेवायला तरी खाली उतरत होतात.

एकच अडचण आहे. शेवटचं प्रकरण तुला माहीतच आहे, आपल्या गावच्या मैदानावरचं, मी आठ वर्षांचा असताना पाहिलेलं. आमचे अध्यक्ष टॉवरसाहेब (पंचवीस वर्षं विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना उतरायची परवानगी दिली, आता आमच्या वाक्यांना देतात) म्हणाले की सोसाट्याच्या वाऱ्यात हलकं विमान मागे सरकणं अगदी शक्य आहे. पण मंडळाचा नियम असा, की सभासदाने स्वतः पाहिलेलं काहीही दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. सही मिळाली नाही, तर शेवटचा फर्मा काढून पुस्तिका बांधायची. मुदत भाषणापर्यंत.

तर आईला जरा विचार, आपल्या गल्लीतलं त्या दिवशी कुणी बाहेर होतं का. वारा इतका होता की सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी तेवढा अंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करत होतो. मला आठवतं ते एवढंच: करड्या रंगाचं पोट, दोन चाकं, आणि गिरणीची चिमणी. ती आधी विमानाच्या शेपटीमागे दिसत होती, बघता बघता नाकापुढे आली. नाक पुढे आणि जाणं मागे! बाबा मोजणी खात्यातले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ‘विमान मागे जात नाही’ हे शंभर वेळा लिहायला लावलं. माझा हात दुखायला लागला तेव्हा उरलेल्या पन्नास ओळी माझ्या अक्षरात तू लिहून दिल्यास. ते उपकार मी विसरलेलो नाही. जेवताना मला ‘रिव्हर्स’ हे नाव ठेवलंस, तेही विसरलेलो नाही.

आईला नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, फक्त पत्र जरा मोठं लिही.

तुझा
रिव्हर्स

&nbsp;

१५ जून

चि. रिव्हर्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फर्मे पोचले. घड्या घालता घालता सगळं वाचून काढलं. माझ्या हाताखालच्या दोघी मुली वाचायला लागल्या आणि अर्धा दिवस काम बंद पडलं, त्याचा दोष तुझा.

ते लाकडाचं अवाढव्य विमान आवडलं, जे जन्मात एकदाच उडालं आणि तेही जेमतेम मैलभर. तुझ्या पोहण्याच्या क्लासाचंही असंच झालं होतं. ज्या विमानाची बसायची खोली मधोमध नसून एका बाजूला सरकलेली, ते पाहून तू माझ्या स्वयंपाकघरात ठोकून दिलेलं फडताळ आठवलं. ते विमान निदान सरळ जात होतं. माझ्या फडताळावरून बरण्या अजून डावीकडे घसरतात. पायडल मारून उडवलेल्या विमानातून समुद्र ओलांडणाऱ्या सायकलवाल्यापुढे मात्र मी हात टेकले. आणि ते दोघं, एक पुरुष आणि एक बाई, कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीला फेरी मारून आले, तेही टेलिफोन बूथएवढ्या जागेत! आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं की उतरल्यावर ती दोघं एकमेकांशी बोलत होती का.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती कुरकुरते. गल्लीतलं कुणी बाहेर असल्याचं तिला आठवत नाही.

आता थोडं मोठ्या बहिणीच्या हक्काने. शेवटचं प्रकरण काढून टाक. बाकीची पुस्तिका इतकी छान झालीय, तिला कशाला गालबोट? ज्यांनी तुला पन्नास वर्षं चिडवलं त्यांच्या हातात छापील कोलीत कशाला द्यायचं? ते पिवळ्या ठिगळाचं खटारं कधीच भंगारात गेलं असेल, आणि तू म्हातारपणी त्याच्यासाठी साक्षीदार शोधत गावभर हिंडतोयस. तू हो म्हण, मी शेवटचा फर्मा बाजूला ठेवते आणि बाकीचे शिवायला घेते.

वहिनीला आशीर्वाद. तुला हसते, याचा अर्थ आठवण काढते, असा घ्यावा.

तुझी
ताई

&nbsp;

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं. फडताळापाशी आली तेव्हा तिला पुढे वाचवेना इतकी हसली. मीही हसलो. फडताळ सरळच आहे, तुझी भिंत वाकडी आहे.

तुला ते प्रकरण पटत नसेल तर एकदा सोपं करून सांगतो. विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर कुणी हळूहळू वर चढायला लागलं, तर पावलं वरच्या दिशेने पडतात आणि माणूस खाली जातो. त्यात जादू नाही. समोरून येणारा वारा विमानाच्या वेगापेक्षा जोरात असला, की झालं.

पण खरं म्हणजे मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. तू पिवळं ठिगळ लिहिलंस.

ताई, माझ्या गोष्टीत ठिगळ नाही. कधीच नव्हतं. मी ती गोष्ट हजारदा सांगितली असेन, बाबांना, वर्गात, हिला लग्नाआधी, लेकीला झोपवताना, आणि दर वेळी करडं पोट, दोन चाकं आणि चिमणी एवढंच सांगितलं. जन्मभर लोकांना मी विचारत आलो की काय दिसतं, खरं सांगा, अंदाजाने नको. त्यामुळे स्वतःला काय दिसलं यात माझी चूक होत नाही. मी अंगणात होतो, मला खालची बाजू दिसली. ठिगळ असलंच तर ते पंखांच्या पाठीवर असणार, आणि पाठ दिसायला विमानापेक्षा उंच उभं राहायला हवं. सगळ्या गावात तेवढी उंच जागा एकच होती, टेकडीवरची पाण्याची टाकी. आणि तिच्या शिडीवर आपल्याला पाय ठेवायची बंदी होती.

मला उगाच शंका येत असेल तर तसं लिही. मी पुन्हा विचारणार नाही.

आईला नमस्कार. लोभ कमी होणार नाही, उत्तर काहीही असलं तरी.

तुझा
रिव्हर्स

&nbsp;

१६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

हे नुसतं कार्ड. तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तू एवढा वेळ गप्प राहिल्याची आपल्या घराण्यात नोंद नाही. आईची तब्येत ठीक आहे ना? फोन केला तर तुझ्या कारखान्यातल्या मुलीने सांगितलं की ताई शिवण घेऊन बसल्यात आणि कुणाशी बोलत नाहीत. टॉवरसाहेबांनी काल पुन्हा विचारलं. त्या लाकडी विमानाला हजारो साक्षीदार मिळाले, आणि ते उडालं एक मैल. मला एकच हवाय.

वाट पाहतो.

तुझा
रिव्हर्स

&nbsp;

२२ जुलै

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

वरचं नाव आज लिहवत नाही. ते मी ठेवलेलं, आणि का ठेवलं ते वाचल्यावर तूच ठरव ते चालवायचं की नाही.

होय, मी टाकीवर होते. बाबांची मोजणीची छोटी दुर्बीण त्यांच्या कपाटातून न विचारता घेतली होती आणि फ्रॉकच्या खिशात घालून शिडी चढले होते. बारा वर्षांची होते, लांबचं बघायचा सोस होता. वारा सुटला तशी कठड्याला मिठी मारून बसले. उतरायची हिंमत होईना. तेवढ्यात ते विमान गिरणीकडून आलं, मैदानावर उतरायला बघत होतं, आणि माझ्या पायांखाली येऊन थांबलं. मग मागे जायला लागलं. मी दुर्बीण लावली. कापडाचे पंख होते, उजव्यावर हातरुमालाएवढं पिवळं ठिगळ, कडेने मोठे मोठे टाके. पुढे आयुष्यभर टाकेच घालायचे होते म्हणून की काय, ते टाके आजही डोळ्यांसमोर आहेत.

आणि तुला आजवर कुणी न सांगितलेली गोष्ट सांगते. मला वैमानिक दिसला. मिशीवाला होता. मान वळवून तो मागे सरकणाऱ्या मैदानाकडे बघत होता, आणि हसत होता. घाबरलेला नव्हता. कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखा हसत होता. मग त्याने विमान वळवलं आणि वाऱ्याबरोबर निघून गेला.

मी घरी पोचले तेव्हा तू बाबांसमोर उभा होतास. मी तोंड उघडलं असतं, तर टाकी निघाली असती, दुर्बीण निघाली असती. मी गप्प बसले. नंतर पन्नास ओळी लिहून दिल्या, त्याला तू उपकार म्हणतोस. खोटं आहे हे माहीत असून लिहिलेल्या ओळी त्या. तुझ्या पन्नास निदान शिक्षेच्या तरी होत्या. जेवताना आईने माझ्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी तुला रिव्हर्स म्हटलं. सगळे हसले, बाबासुद्धा. तूही हसलास, ते मला सगळ्यात जास्त लागलं. पुढे थट्टेची सवय पडली, आणि थट्टा चालू असली की खरं बोलायची वेळ येत नाही. शेवटचं प्रकरण काढ म्हणून मी सांगितलं, ते तुझं हसं होईल म्हणून नव्हे. रोज ते पान घडी घालताना मला माझी लाज वाटत होती.

मला माफ कर. एवढं लिहायला एक महिना लागला, एकावन्न वर्षं आणि एक महिना.

आईला काल सांगितलं. टाकीचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फ्रॉकवरचा गंज तीन धुण्यांत गेला नव्हता. विमानाचं मात्र तिला माहीत नव्हतं. ते ऐकून ती म्हणाली की त्या पोराला आधी कळव.

सोबत टॉवरसाहेबांसाठी सही केलेला कागद आहे. आणि दुसरा कागद तुझ्यासाठी, माझ्या वाट्याच्या ओळी, या वेळी माझ्याच अक्षरात.

लोभ ठेवशील का, असं या वेळी खरंच विचारते आहे.

ताई

(सोबतच्या कागदावर वरपासून खालपर्यंत, पाठपोट: ‘विमान मागे गेलं. मी पाहिलं.’)

&nbsp;

३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. समोर गिऱ्हाईक डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलं होतं, त्याला तसंच ठेवून मी ते वाचलं. मग लेकीने माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि मला मागच्या खोलीत बसवलं.

राग आला का, तर आला. साधारण चहा होईपर्यंत टिकला. त्यानंतर मला तो मिशीवाला हसताना दिसायला लागला, आणि अजून दिसतोय. ताई, एकावन्न वर्षं मला वाटत होतं की त्या विमानातला माणूस घाबरला असेल. मोठं विमान आवाज करत गेलं की मला त्याचीच काळजी वाटायची. तो हसत होता! हे तू मला दिलंस. मी अंगणातून जन्मभर पाहिलं असतं तरी मला ते दिसलं नसतं. मला वाटतं, आपल्या दोघांनी मिळून ते विमान पूर्ण पाहिलं. मी खालून आणि तू वरून.

टॉवरसाहेबांनी तुझी सही दोनदा वाचली, चष्मा पुसला (मीच बनवलेला), आणि म्हणाले की शेवटचा फर्मा शिवून टाकायला सांगा. ठिगळ आणि मिशी या दोन्ही गोष्टी मी भाषणात घालणार आहे.

नाव मात्र बदलायचं नाही. तू टाकीवर चढून मला मिळवून दिलेलं नाव आहे, कोण सोडणार?

आता तक्रार. ओळी मोजल्या. मी मोजल्या, हिने मोजल्या, लेकीनेही पेन्सिलीने खुणा करून मोजल्या. एकोणपन्नास भरतात. मोजणी खात्यातल्या माणसाची मुलगी तू, आणि दिवसभर फर्मे मोजतेस! पन्नासावी ओळ बाकी आहे, आणि ती मी कागदावर घेणार नाही. वीस तारखेला हॉलमध्ये, साठ माणसांसमोर, उभं राहून मोठ्याने. त्याशिवाय सुटका नाही.

लोभ होता, आहे, आणि मागे जात नाही.

तुझाच
रिव्हर्स

&nbsp;

६ ऑगस्ट

चि. रिव्हर्स यास,
अ. उ. आशीर्वाद.

दोनशे प्रती शिवून, पुठ्ठे चढवून तयार आहेत. एकोणीसला सकाळच्या गाडीने त्यांच्याबरोबर मी येते. आईही येणार म्हणते. गुडघ्याचं कारण सांगितलं तर तिने मलाच टाकीच्या शिडीची आठवण करून दिली.

आणि मोजणीत चूक नाही. पन्नासावी लिहायला घेतली तेव्हा वाटलं, ही त्या दिवशी बाबांसमोर तुझ्या शेजारी उभं राहून मोठ्याने म्हणायची होती. म्हणून जागा रिकामी सोडली. तू मोजशील याची खात्री होती. चार दिवस झाले, पुठ्ठ्यांना खळ लावता लावता तीच म्हणून बघते. कारखान्यातल्या मुलींनाही आता पाठ झालीय. अजून मान खाली घालूनच म्हणते, पण वीस तारखेपर्यंत जमेल.

खुर्ची पहिल्या रांगेत ठेव. आईला शेजारी, आणि मला तुझ्या समोर, म्हणजे बोलताना मी तुझ्याकडेच बघेन.

तुझी
ताई