धोटा

करी रोड,
३ सप्टेंबर १९९१

तीर्थरूप बाबांना नलूचा नमस्कार.

आईचे गुडघे बरे आहेत. माझं ऑफिस ठीक आहे. गणपतीला मात्र गावी येणार नाही. आईला वसंतकाकांसोबत पाठवते.

खरं सांगायचं तर ऑफिस ठीक नाही. काकांनी तुम्हाला काय सांगितलं ते कळलं आणि तुमचा उलटा निरोपही पोचला, ‘साहेबाची माफी माग आणि नोकरी सांभाळ.’ मी संगणकावर बसले म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. यंत्र माणसं खातं म्हणालात. मग गिरणीत तुम्ही चालवलेले माग काय झाडाला लागत होते? आता त्याच नोकरीसाठी मी नाक घासायचं?

आधी झालं काय ते ऐका. संगणकात आपले हुकूम ऐकणारा एक भाग असतो, त्याला शेल म्हणतात. त्याला ठरावीक शब्द कळतात, पण नवा शब्द शिकवताही येतो. मी, सुनेत्रा आणि दमयंती रोज संध्याकाळी तेच ते हुकूम एकामागून एक टाइप करत बसायचो. दमयंतीचं पोर पाळणाघरात रडून झोपी जायचं. मी ते सगळे हुकूम ओळीने एका फायलीत लिहिले आणि तिला नाव दिलं धोटा, तुमच्या मागावर सूत घेऊन आपोआप धावायचा तो. तेवढा एक शब्द टाइप केला की यंत्र आपलं आपण काम उरकतं. आम्ही उजेडी घरी जायला लागलो.

साहेब खूश झाले. मला पेढा दिला. आणि पुढच्याच आठवड्यात म्हणाले, “मग तीन मुली कशाला? ह्या दोघींना एक ऑक्टोबरपासून येऊ नका म्हणून सांगून टाकतो.”

बाबा, माझ्याच हाताने मी त्या दोघींच्या पोटावर पाय दिला होता.

यंत्रावर कोण कोण बसलंय हे विचारायचा एक हुकूम असतो. तो मी धोट्याच्या सुरुवातीलाच घातला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला एकटीला बसवून धोटा चालवायला लावला. पडद्यावर आलं, ‘तिघी हजर नाहीत. काम बंद.’

साहेब लालबुंद. “मिस परब, ही ओळ काढा आणि माफी लिहून द्या. नाहीतर चार तारखेपासून येऊ नका.”

ती ओळ बाहेरचा कुणीही जाणता माणूस चहा निवायच्या आत काढेल, हे मला कळतं. साहेबांनाही कळतं. त्यांना ती माझ्या हातून काढून हवी आहे. म्हणून मी काढणार नाही. उद्या दहाला आम्ही तिघी मिळून त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहोत. ठेवतील तर तिघींना, घालवतील तर तिघींना.

तुम्ही गिरणीत दोघांचे चार माग एकट्याने सांभाळायला नाही म्हणालात आणि माफी न मागता गावी निघून गेलात, तेव्हा आईला विचारलं होतं? मी विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “बापाशीची खोड खंय जातली तुझी!” आणि हसली. किती वर्षांनी हसली ते तुम्हीच आठवा.

रागवायचं असेल तर रागवा, पण काकांच्या तोंडून नको. स्वतः लिहा. माफी मात्र होणार नाही. ती कशी लिहायची असते, ते आपल्या घरात मला कुणी शिकवलंच नाही.

तुमचीच,
नलू