उद्याचा मुक्काम

६ फेब्रुवारी
मॉडेल जुळलं. आमचा धनगरांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडांचा तांडा, मेंढ्या घेऊन उद्या कुठं उतरणार, ते आज पडद्यावर लाल ठिपक्यानं दिसतं, आणि उद्या वाडा तिथंच उतरतो. पाऊसमान, तळ्यांतलं पाणी, मोकळी झालेली रानं, शहराबाहेरची नवी कुंपणं, आणि आप्पांच्या कळपापुढं चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात मी बांधलेला जीपीएसचा पट्टा. एवढ्यावर. ऑफिसात पेढे वाटले. सर म्हणाले, "तुमचे वडीलच आपले हिरो!" मीही हसले. पेढा तसाच कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

कारण आमच्यात उद्याचा मुक्काम तोंडानं सांगत नाहीत. आप्पा म्होरके. पुढचं रान एकटे बघून येतात, सकाळी घोड्यावर बिऱ्हाड चढलं की नुसता हात करतात. आईलासुद्धा तेव्हाच कळतं. लहानपणी विचारलं की टपली बसायची. चोर ऐकतात, दुसरे कळप ऐकतात, गावं ऐकतात.
आता माझं यंत्र सांगतं. रोज, आणि नकाशासकट.

९ फेब्रु.
क्रांती चौकात बसमधून उतरले तेव्हाच सरांचा फोन. सगळ्या वाड्यांचा नकाशा आजपासून गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार. वाडा यायच्या आधी टँकर आणि चारा पोचावा म्हणून. त्याचसाठी तर मी हे केलं. मग फोन ठेवताना आप्पांची टपली का आठवली?
बरं साल असलं की हीच गावं आप्पांना बोलावून नेतात, मेंढ्या रानात बसवा म्हणतात. लेंडीखत हवं असतं. यंदा दुष्काळ, तळ्यांवर पहारे आहेत.

१३ फेब्रु.
आईचा फोन. रडत नव्हती, पण आवाज बसलेला.
"आम्ही पोचायच्या आदीच मान्सं हुबी होती गं, काठ्या घिऊन. बाभळी तोडून वाट बुजवली. एक दगड घोड्याला लागला. यांना कुणी सांगितलं आसंल?"
मागून आप्पा: "वाड्यातलंच कुणीतरी फुटलंय."
धाकट्या काकांशी बोलणं टाकलंय म्हणे. सख्खा भाऊ. नकाशाचं मी सांगितलं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपण इथं बजाजनगरात पंख्याखाली बसलंय.

१४ फेब्रु.
आप्पांना नकाशाचं सांगून टाकलं.  
आप्पा: "म्हंजी उद्या म्या कुठं जानार ते तुला ठावं हाय, आन् मला अजून नाय."
रागावले असते तर बरं झालं असतं. आवाजात भीती होती. आप्पांच्या आवाजात मी ती कधी ऐकली नव्हती.
म्हटलं, ठिपका मोठ्या तळ्यावर आहे, तिकडं जाऊ नका, आडवाटेनं वळा. "बरं" म्हणाले. माझं ऐकलं त्यांनी. त्याचीच धास्ती वाटते.

१६ फेब्रु.
आडवाटेनं गेले. पाणी नाही, कोकरं मेली. आई म्हणाली, "जाऊ दे, मान्सं तर वाचली."
आणि आज पडद्यावर ठिपका त्याच आडवाटेवर, पुढच्या विहिरीपाशी. पट्टा चालूच होता ना! आप्पा बिचकून वळले, ते मॉडेलनं शिकून घेतलं. मी जितकं चुकवायला सांगेन तितकं ते हुशार होणार. आता माझ्याच कामाची भीती वाटते. संगणक बंद करतानासुद्धा वाटतं, हे बघतंय.
सरांना म्हटलं, नकाशा थांबवा. "तुमच्या एका घरासाठी? बाकीच्या वाड्यांना पाणी पोचतंय की नाही?"
पोचतंय. खोटं कसं बोलू? नकाशा थांबला नाही.

१८ फेब्रु., दुपार
एका अंगाला कारखान्यांच्या प्लॉटांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला नवा हायवे. मधून एकच वाट उरलीय आणि ती त्या गावातून जाते. नाव लिहीत नाही. आजच्या मुक्कामाचा ठिपका गावच्या तळ्यावर. ग्रुपवर त्या गावाचा मेसेज आला: आज येणार. घरटी एकानं यावं. खाली अंगठेच अंगठे.
आप्पांना लगेच फोन. "पट्टा काढा, बाभळीला बांधा आणि दुसरीकडून निघा!"
"दुसरीकडं कुठून? कुंपनच हाय की समदं."
"मग मागं फिरा. आप्पा, काय करणार ते सांगा ना मला."
"बघू."
"सांगा ना!"
फोन ठेवला होता.

संध्याकाळ
आता खुद्द पट्ट्याचा ठिपका तळ्यावर. मघापासून हलला नाही. आप्पांचा फोन बंद, आईचा बंद, काकांचाही. पोलिसांना कळवलं, बघतो म्हणाले. ग्रुपवर शुकशुकाट, तो जास्त भिववतो.
मेंढ्या तिथं बसल्यात, की आप्पांनी गाव तिकडंच वाट बघत बसावं म्हणून नुसता पट्टा झाडाला अडकवून वाडा भलतीकडं नेला? पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. मीच बनवलंय, मलाच वाचता येईना.
मुक्काम सांगायचा नसतो. चोराला नाही, गावाला नाही. आता लेकीलाही नाही.
चपला घालून बसलेय. बस कुठली धरू...