धरणापलीकडचं गाणं

आई, कवितेखाली गाण्याचं नाव लिहून ठेवायला तुझं काय जात होतं गं? पोरांच्या वहीत साधी तारीख राहिली तरी लाल पेनाने गोल करायचीस, आणि स्वतःची कविता मात्र अशी अर्धवट सोडून गेलीस. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं ती म्हणणार आहेत. तुझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात तू ती वाचलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, की ही बंगल्यातल्या रॉक गाण्यावर लिहिली आहे आणि त्याच चालीवर म्हणायची. झालं! पेढा तोंडात टाकून खाली बसलीस. आता मोठ्या बाई रोज मला फोन करतात, "चाल मिळाली का? नाहीतर आम्ही एखाद्या सिनेमातली लावतो." तुझ्या कवितेला सिनेमातली चाल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, थांबा, मी शोधते.

शोधायचं तरी कुठे? पळसदरीच्या धरणापलीकडे त्या बंगल्यात शहरातली चार पोरं शनिवार-रविवार तालमीला यायची, एवढंच मला ठाऊक. तेव्हा तुला त्यांचा केवढा राग! "काय मेलं ढणाढणा, कान किटले," म्हणत एका रविवारी पदर खोचून भांडायलाच निघालीस. मी भाकऱ्या थापत होते. तू परत येतेस, पाय धुतेस, चुलीवरची आमटी उगाच ढवळत राहतेस. मी विचारते, "केलं का बंद?" "नाही. चांगलं वाजवतात गं," तू म्हणतेस. मी चाटच पडले. पुढे काही विचारलं तर नेहमीचं उत्तर, "भाकरी करपतेय, तिकडे बघ." त्याच आठवड्यात तू कविता लिहिलीस.

कर्जतच्या पेटीमास्तरांनी बोटांवर अक्षरं मोजून ही अभंगाची चाल असल्याचं ठरवून टाकलं. रसायनीच्या भाच्याने अख्खी दुपार इंग्रजी गाणी ऐकवली. डोकं उठलं, पण तुझे शब्द एकातही बसेनात. 'माझ्याच अंगणातलं पाखरू, गिटार गळ्यात घालून परत आलं' या ओळीपाशी अडलो, तर तो म्हणतो, "मावशी, हे प्रतीक आहे." प्रतीक! भेंडीला भेंडीच म्हणणारी बाई तू, तुझं कसलं आलंय प्रतीक?

शेवटी आठवली ती बंगल्याच्या रखवालदाराची मुलगी, तुझीच विद्यार्थिनी. आता स्टेशनबाहेर तिची वडापावची गाडी आहे. त्या पोरांचं गाणं तिच्या मोबाइलवर निघालं. मी ते तिला पुन्हा पुन्हा लावायला लावलं, कारण चाल ओळखीची, आणि आठवेना. ती हसायलाच लागली. "ताई, असं काय करतेस गं? हा तर बाईंचा सतराचा पाढा हाय! बाई वर्गात अशाच चालीत म्हणून घ्यायच्या. मी बंगल्याच्या पायरीवर बसून म्हणायची, त्या दादांनी उचलला. बाई भांडाया आल्या तवा मीच सांगितलं त्यांना. हसल्या नुसत्या. म्हणाल्या, आमच्या घरी बोलू नको, सतरा म्हटलं की आमच्या पोरीला रडू येतं."

आई, म्हणून सांगितलं नाहीस? अगं, घोडी झाले होते मी, तुला भाकऱ्या करून घालत होते! तेव्हा कुठली रडणार होते? एवढी वणवण करून मिळालं काय, तर सतराचा पाढा! इतका राग आला तुझा, की वडापाव तसाच हातात राहिला आणि मी भर रस्त्यात रडले. तुझं खरं ठरलं, घे.

उद्या मोठ्या बाईंना चाल सांगते. आणि हे पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून एक सांगते. रात्रीच्या पोळ्या करताना मी ते गाणं मोबाइलवर लावलं आणि बरोबर पाढा म्हटला. लहानपणी ओट्याशी उभी राहून म्हणायचे तसाच. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी, आणि सतरा सक म्हटल्यावर अडकले. या वयात, पुन्हा तिथेच. गाणं आपलं पुढे निघून गेलं. तू डोळे वटारायचीस, पण लाटणं हातात तसंच धरून, मला येईपर्यंत थांबायचीस गं.